प्रशिक्षण विमानाचं मॉडेल रंगवताना: नारिंगी, पिवळा आणि पांढरा कोणत्या क्रमाने द्यायचा

नाशिकच्या इंदिरानगरला आमची काही मॉडेलकारांची रविवारची बैठक असते. गेल्या काही महिन्यांत तिथे तिघांनी प्रशिक्षण विमानांची मॉडेल्स आणली आणि तिन्हींत दोष तेच निघाले. फ्लोरोसंट नारिंगी विटकरीसारखा मंद दिसत होता, पट्ट्याच्या कडेला बोटाला लागेल असा उंचवटा होता आणि शेजारच्या पांढऱ्यावर गुलाबी झाक आली होती. तिघांनीही रंग चांगल्या कंपनीचा वापरला होता आणि हातही तिघांचा सफाईदार आहे. चुकला होता तो क्रम.

लढाऊ विमानाच्या करड्या-हिरव्या रंगात बऱ्याच चुका झाकल्या जातात. प्रशिक्षण विमान लांबून दिसावं म्हणूनच रंगवलेलं असतं, त्यामुळे त्याच्या मॉडेलवरची चूकही लांबून दिसते. म्हणून खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा. एखादा गाळलात तर पुढच्या टप्प्यात तो भरून काढता येत नाही.

१. आधी ठरवा: तुमचं विमान कोणत्या गटातलं?

किट उघडण्याआधी हे ठरवायचं, कारण प्रत्येक गटाचा रंगक्रम वेगळा आहे.

पूर्ण पिवळं: टायगर मॉथ, हार्वर्ड. इथे पिवळा हाच मुख्य रंग.

पांढरा आणि नारिंगी: अमेरिकन नौदलाची टी-२८ ट्रोजन, टी-२ बकाय, टी-४५ गॉसहॉक. यांच्यावरचा नारिंगी म्हणजे ‘इंटरनॅशनल ऑरेंज’, एफएस १२१९७ (एफएस म्हणजे अमेरिकन सरकारी प्रमाणातला रंगक्रमांक). तो फ्लोरोसंट नाही, साधा चकचकीत रंग आहे. इथे अनेकजण फ्लोरोसंट मारतात आणि विमान खेळण्यासारखं दिसायला लागतं.

चंदेरी आणि डे-ग्लो (म्हणजे फ्लोरोसंट रंग): १९६० च्या दशकातलं आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं, जेट प्रोव्होस्ट. चंदेरी अंगावर फ्लोरोसंट नारिंगी पट्टे. चारही गटांत हा सर्वांत अवघड.

पूर्ण काळं: १९९० च्या दशकापासूनची आरएएफची हॉक आणि टुकानो. काळा रंग ठळक कसा, असं नवख्यांना वाटतं. आकाशाच्या उजेडासमोर लांबचं विमान कोणत्याही रंगाचं असलं तरी गडद ठिपक्यासारखंच दिसतं. अंगभर चकचकीत काळा दिला की तो ठिपका आणखी ठळक होतो.

भारतीय हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरती संघाची लाल-पांढरी हॉक करणाऱ्यांनी दुसऱ्या गटाचा क्रम धरावा. फक्त नारिंगीच्या जागी लाल.

सावधान: फ्लोरोसंट रंगाची छटा फोटोवरून जुळवू नका. कॅमेऱ्याला हा रंग नीट पकडता येत नाही, कधी पिवळट येतो तर कधी गुलाबी. फोटोवरून पट्ट्याची जागा, रुंदी आणि कडा कुठल्या पॅनेल-रेषेला (पत्र्यांच्या जोडाच्या रेषेला) टेकते एवढंच घ्या. छटेसाठी प्रमाणित क्रमांक पाहा. उदाहरणार्थ, जर्मन प्रमाणातला चमकता नारिंगी म्हणजे आरएएल २००५.

२. मोजमाप कागदावर

पट्टे नजरेने आखू नका. खऱ्या विमानावरचा १ फूट १:७२ मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर) ४.२ मिमी होतो आणि १:४८ मध्ये ६.३५ मिमी. म्हणजे ३ फुटांचा पट्टा १:७२ मध्ये साधारण १२.७ मिमी. पंखाच्या टोकापासून, शेपटीच्या मुळापासून अशी सगळी मापं एका कागदावर लिहून ठेवा आणि कागदाचेच साचे कापा. डाव्या पंखाचा साचा उलटा करून उजव्या पंखाला लावा. दोन वेगळे साचे कापले की अर्ध्या मिमीचा फरक पडतोच आणि समोरून पाहताना तो लगेच डोळ्यात येतो.

३. सांधे आणि घासकाम

चकचकीत पांढऱ्या-पिवळ्याखाली काहीही लपत नाही. सांध्यात पुट्टी भरून पूर्ण वाळू द्या. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून ८००, १५०० असं पाण्यात घासत जा. शेवटी भांडी घासायच्या साबणाने मॉडेल धुवा, जुन्या मऊ ब्रशने पॅनेल-रेषांतला चुरा काढा आणि सुती फडकं न लावता वाळवा. फडक्याचे तंतू राहतात.

तपासणी: मॉडेल ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू फिरवा. ट्यूबचं प्रतिबिंब सांध्यावरून सरळ सरकलं तर काम झालं. कुठे वाकलं किंवा तुटलं, तर तिथे अजून खड्डा आहे. ओल्या प्लास्टिकवर ही तपासणी जास्त चांगली होते.

सावधान: हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकवर पुसायला वापरू नका, पृष्ठभाग विरघळतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेनासारखं साधन) धुवायला मात्र ते चालतं.

४. अस्तर आणि पांढरा

या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

माझे सासरे, अण्णा, ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाच्या विभागात होते. माझं पहिलं जेट प्रोव्होस्ट पूर्ण झालं तेव्हा मी ते कौतुकाने त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, मॉडेल खिडकीशी नेलं आणि नारिंगी पट्ट्यावर नखाने हलकेच टिचकी मारली. म्हणाले, “अगं, रंग चांगला आहे. खालचा हात उपाशी राहिलाय.” मी करड्या अस्तरावर पांढऱ्याचा एकच पातळ हात देऊन थेट फ्लोरोसंट मारला होता. वरून सहा हात देऊनही तो उजळला नव्हता.

कारण असं: फ्लोरोसंट रंग झाकणारा नसतो. त्याचे कण अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो नारिंगी म्हणून परत देतात. पण रंगाचा थर पारदर्शक असल्यामुळे बराच प्रकाश आरपार खाली जातो. खाली स्वच्छ पांढरं असेल तर तो परावर्तित होऊन पुन्हा रंगातून बाहेर येतो. खाली करडं असेल तर करडं तो गिळून टाकतं. गणेशोत्सवाआधी मूर्तिकारांच्या कारखान्यात जाऊन पाहा: सोवळ्याचा फ्लोरोसंट रंग ते नेहमी पांढऱ्यावरच देतात.

क्रम असा ठेवा:

आधी बारीक करड्या अस्तराचा एक हात द्या. याचं काम चरे दाखवणं. मिस्टर सरफेसर १००० किंवा १५०० हे तयार अस्तर पुरतं. चरे दिसले तर पुन्हा टप्पा ३.

मग पांढऱ्याचे किमान तीन पातळ हात. पहिला हात फक्त धुक्यासारखा, करडं दिसत राहिलं तरी चालेल. दुसरा थोडा भरून, तिसरा ओलसर. प्रत्येक हातामध्ये १०-१५ मिनिटं थांबा. एकाच हातात झाकायला गेलात तर पंखाच्या मुळाशी ओघळ येतो, आणि पांढऱ्याचा ओघळ घासून काढायला दोन दिवस जातात.

फ्लोरोसंटखाली पांढरा शुद्धच हवा. पण जो पांढरा शेवटी उघडा राहणार आहे, त्यात हलक्या करड्याचा एखादा थेंब घाला. १:७२ मध्ये शुद्ध पांढरा डोळ्याला टोचतो. पांढऱ्यासाठी इनॅमल मी टाळते, कारण काही वर्षांनी ते पिवळट पडतं. ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा) किंवा लॅकर (थिनरमध्ये मिसळणारा, झटपट वाळणारा) घ्या.

पूर्ण पिवळ्या विमानासाठी वेगळं: करड्यावर पिवळा दिला की तो हिरवट होतो. पांढरं अस्तर चालतं, फिकट गुलाबी त्याहून छान. गुलाबीवरचा पिवळा ऊबदार येतो, हार्वर्डला शोभतो तसा.

सावधान: किटचं प्लास्टिकच लाल असेल तर लाल द्रव्य वरच्या पांढऱ्यात झिरपून गुलाबी डाग येऊ शकतात, कधी कधी महिन्याभराने. पांढऱ्याआधी चंदेरी रंगाचा एक पूर्ण हात द्या. तो आडभिंतीचं काम करतो.

नाशिकच्या हवेबद्दल

जून ते सप्टेंबर लॅकर उघड्यावर मारू नका. दमट हवेत थिनर उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात ॲक्रिलिक वापरा आणि वाळवण्यासाठी मॉडेल सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. मार्च ते मे हवा कोरडी असते, पण धूळ फार. तेव्हा मी न्हाणीघरात फरशी आणि भिंती ओल्या करून, पंधरा मिनिटं थांबून रंगवते. धूळ खाली बसलेली असते.

सावधान: न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तो सिलिंडरपासून बंद करा. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, तोंडाला वाफा अडवणारा मास्क लावा. लॅकर किंवा स्प्रे कॅन बंद खोलीत कधीच नाही, ते गच्चीवरच.

५. चमच्यावर चाचणी

लग्नात मिळतात तसे पांढरे प्लास्टिकचे चमचे घ्या. एकावर करडं अस्तर, दुसऱ्यावर करडं आणि पांढऱ्याचा एक हात, तिसऱ्यावर करडं आणि पांढऱ्याचे तीन हात. तिन्हींवर सारख्याच पातळपणाचा फ्लोरोसंट, चार-चार हात. वाळल्यावर तिन्ही चमचे गॅलरीत उजेडात शेजारी धरा. टप्पा ४ वर मी एवढं का लिहिलं, ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. हेच चमचे पुढे वार्निश, वॉश (फटींत सोडायचा अतिपातळ रंग) आणि डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) यांच्या चाचणीला उपयोगी पडतात. त्यांच्या मागे मार्करने तारीख आणि प्रमाण लिहून ठेवा.

६. रंगाचा क्रम

सर्वसाधारण नियम फिकटाकडून गडदाकडे. पण डे-ग्लो असेल तर फ्लोरोसंट आधी, बाकी सगळं नंतर.

पूर्ण पिवळं: अस्तर, पिवळ्याचे चार-पाच पातळ हात, मग इंजिनपुढचा चमक रोखणारा मॅट काळा भाग. हम्ब्रोलचा २४ नंबर ‘ट्रेनर यलो’ नावाने मिळतो, पण तो मॅट आहे. विमान चकचकीत हवं असेल तर वर ग्लॉस वार्निश लागेल.

पांढरा-नारिंगी: अंगभर पांढरा, दोन दिवस वाळवण, पांढरा झाकून नारिंगी. उलट करू नका. लाल-नारिंगीवर पांढरा दिला की कितीही हात मारले तरी खालून गुलाबी डोकावतो. बैठकीतल्या त्या गुलाबी झाकेचं कारण हेच होतं.

चंदेरी-डे-ग्लो:
– फक्त पट्ट्यांच्या जागी, कडेपासून ३-४ मिमी बाहेरपर्यंत पांढरा.
– त्यावर फ्लोरोसंट. टामियाचे टीएस-३६ लाल आणि टीएस-९६ नारिंगी हे स्प्रे कॅन आहेत. एअरब्रश असेल तर रंग कॅनमधून बाटलीत काढून, त्यातला वायू निघून जाईपर्यंत झाकण उघडं ठेवा. हम्ब्रोल २०९ हाही फ्लोरोसंट नारिंगी आहे, पण तो इनॅमल. वाळायला वेळ द्या.
– वाळल्यावर त्यावर पारदर्शक ग्लॉसचा एक हात. हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. फ्लोरोसंट वाळल्यावर खडूसारखा सच्छिद्र होतो, बोटांचं तेल आणि टेपचा चिकट पदार्थ शोषून घेतो आणि तो डाग नंतर निघत नाही.
– मग पट्टे टेपने झाका आणि बाकी अंगावर चंदेरी द्या.

यात पट्टा पूर्ण झाका, फक्त कडा नको. चंदेरीतले धातूचे कण हवेत लांबवर उडतात आणि नारिंगीवर बसले की सूर्यप्रकाशात लुकलुकतात. आणखी एक: या विमानांवर चंदेरी रंग दिलेला होता, उघडा धातू नव्हता. त्यामुळे प्रत्येक पॅनेलची छटा वेगळी करत बसू नका, एकसारखा चंदेरीच बरोबर आहे.

पूर्ण काळं: अस्तर काळंच. काळ्यात थोडा गडद करडा मिसळा, नाहीतर पॅनेल-रेषा दिसेनाशा होतात. या गटात बाकी अडचण फक्त धुळीची.

एअरब्रशची मापं: सुई ०.३ मिमी, फ्लोरोसंटसाठी ०.४ जास्त चांगली, कारण त्याचे कण जाड असतात. दाब १५ ते २० पीएसआय, अंतर ८-१० सेमी. रंग दुधाइतका पातळ: कपच्या कडेला लावला की खाली सरकताना मागे पातळ पडदा सोडतो, तेवढा. फ्लोरोसंटचे पाच-सहा हात लागतील. पहिले दोन हात देताना रंग बसतच नाहीये असं वाटेल. तिथे घाबरून जाड हात देऊ नका.

सावधान: लॅकरवर ॲक्रिलिक किंवा इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर सुरकुततो. एकाच मॉडेलवर कुठे काय वापरलं ते लिहून ठेवा.

तपासणी: टेप लावण्याआधी मॉडेल नाकाजवळ धरा. रंगाचा वास येत असेल तर तो आतून वाळलेला नाही. पावसाळ्यात चकचकीत इनॅमलला तीन-चार दिवस सहज लागतात.

७. मास्किंग टेप

टेपच्या रोलची कड धूळ खाल्लेली असते. टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने अर्धा मिमी कापून टाका आणि ती ताजी कड रंगाच्या रेषेला वापरा. लावण्याआधी टेप एकदा तळहातावर चिकटवून काढा, चिकटपणा थोडा कमी होतो. गोल धडावर रुंद टेप ओढून बसवू नका. २ मिमीच्या पट्टीने आधी रेषा आखा, मग मागचा भाग रुंद टेपने झाका. पट्टीची दोन्ही टोकं धडाखाली भेटली की नाही ते पाहा. भेटली नाहीत, तर पट्टी तिरकी गेली आहे.

कड लाकडी काडीने दाबा, नखाने नाही. पॅनेल-रेषेवर टेप तिच्या खाचेत दाबली गेली पाहिजे. रंग झिरपतो तो बहुतेक तिथूनच.

आता महत्त्वाचं: नवा रंग मारण्याआधी टेपच्या कडेवर खालच्याच रंगाचा किंवा पारदर्शक वार्निशचा एक पातळ हात मारा. जे काही झिरपायचं ते हेच झिरपेल आणि दिसणार नाही. मग नवा रंग, फवारा टेपकडून रंगाच्या भागाकडे. उलट दिशेने मारला की रंग कडेखाली घुसतो.

शेवटचा हात दिल्यावर २०-३० मिनिटांनी टेप काढा. स्वतःवरच दुमडत, सावकाश, कडेशी तिरपा कोन ठेवून. रात्रभर ठेवलीत तर रंगाचा थर टेपवर भिंतीसारखा वाळतो आणि कडेला उंचवटा राहतो. राहिलाच, तर पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या ओल्या पेपरने फक्त कड घासा. फ्लोरोसंटवर मात्र पेपर लावू नका, तिथे पांढरं उघडं पडतं.

८. डिकल

डिकलवरचा पांढरा जितका वाटतो तितका झाकणारा नसतो. नारिंगी पट्ट्यावर येणारं हवाई दलाचं वर्तुळचिन्ह थेट लावलं की त्याचा पांढरा भाग पिवळसर दिसतो. भारतीय वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा. खालचा नारिंगी वर आला तर बाहेरचं केशरी आणि पट्टा एकमेकांत मिसळून जातात. म्हणून त्या जागी, चिन्हापेक्षा अर्धा मिमी लहान, पांढरं वर्तुळ आधी रंगवून घ्या. कोरी पांढरी डिकलशीट असेल तर त्यातून चकती कापून खाली लावली तरी चालते.

डिकल मऊ करणारं द्रव आधी चमच्यावर तपासा. काही द्रवं फ्लोरोसंटवरचा ग्लॉस थर दुधाळ करतात.

९. वॉश आणि विटणं

काळा वॉश विसरा. पिवळ्या-नारिंगीवर काळ्या रेषा मारल्या की विमान व्यंगचित्रासारखं दिसतं. पिवळ्याला मातकट तपकिरी, नारिंगीला गडद लालसर तपकिरी, पांढऱ्याला फिकट करडा. तोही फक्त हलणाऱ्या भागांच्या फटींत जरा ठळक, बाकी अगदी पुसट.

डे-ग्लो उन्हात झपाट्याने विटतो. पण सगळीकडे सारखा नाही: पंखाची वरची बाजू आणि पाठ जास्त, पोटाकडचा भाग जवळपास नव्यासारखा. त्यामुळे फिकट नारिंगीत पांढऱ्याचे दोन थेंब घालून, अतिशय पातळ करून, फक्त वरून धुक्यासारखा एक हात द्या. खालून मॉडेल पाहिल्यावर फरक कळला पाहिजे.

चिखल, गंज, उडालेले रंगाचे पापुद्रे यांना इथे जागा नाही. या विमानांची देखभाल नीट होते. खऱ्या खुणा वेगळ्या असतात: एक्झॉस्टमागची काजळी, आणि पंखाच्या मुळाशी पायपुसणीसारखी मळलेली जागा, कारण शिकाऊ वैमानिक आणि शिक्षक दिवसभर तिथेच पाय ठेवून चढतात-उतरतात. ती जागा करड्या पेस्टलच्या भुकटीने, कोरड्या ब्रशने करा. पावलांची दिशा कॉकपिटकडे.

१०. शेवटचं वार्निश

अतिनील किरण अडवणारं वार्निश वापरलं तर फ्लोरोसंटची चमक किंचित कमी होते, पण रंग जास्त वर्षं टिकतो. मी तेच वापरते. शोकेस खिडकीसमोर असेल तर दुसरा विचारच नको.

अंगभर ग्लॉस किंवा सेमी-ग्लॉस द्या आणि तो वाळल्यावर नाकापुढचा काळा भाग, पंखावरची चालण्याची पट्टी आणि टायर यांना मॅट. कॉकपिटची काच टेपने झाकलेली आहे ना, ते आधी पाहा.

शेवटची तपासणी दिवसाउजेडी, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर: मॉडेल हातभर लांब धरून आधी समोरून, मग मागून पाहा. दोन्ही पंखांवरचे पट्टे एका रेषेत आहेत का, नारिंगी दोन्हीकडे सारखा उजळला आहे का. एका बाजूला मंद वाटला तर तिथे पांढऱ्याचा एक हात कमी पडला आहे. तेवढ्याच पट्ट्याभोवती टेप लावा आणि टप्पा ४ मधल्या पांढऱ्यापासून पुन्हा सुरुवात करा.